उतलेले हात

एप्रिलचा दुसरा आठवडा. वेंगुर्ल्याहून सावंतवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत, पत्र्याच्या छपराखाली एक काजूचा कारखाना. सकाळचे साडेआठ वाजलेत आणि पत्रा आत्ताच तापायला लागलाय. मागच्या अंगाला बॉयलरखाली काजूचीच टरफलं जळतायत, त्यांचा धूर घशाला धरतो. काल वाफेवर उकडून रात्रभर निवत ठेवलेली बी घमेल्याघमेल्यांनी कटिंगच्या टेबलांवर येते आहे. टेबलांमागे बायका बसल्यात. कुणाच्या साडीवर पुरुषाचा जुना शर्ट आहे, कुणी डोक्याला टॉवेल गुंडाळलाय. बोलणं चाललंय ते गावच्या जत्रेतल्या दशावताराचं, पण हात थांबत नाहीत.

दाराशी पोत्यात कच्ची बी भरून ठेवलीय. मी वाकून मूठभर उचलायला जाते, तोच कोपऱ्यातून आवाज येतो.

"हात लावू नको गो बाय. तुका सवय नाय, उततला."

बोलणाऱ्या काकी साठीच्या आतबाहेरच्या. टेबलाला जोडलेल्या यंत्रावर त्यांचं काम सुरू आहे. दोन पाती, मधे बीच्या आकाराची खोबण. डाव्या हाताच्या चिमटीत बी धरायची, पात्यांमध्ये उभी बसवायची, पायाने दाबायचं. पाती टरफलात शिरली की उजव्या हाताने दांडा फिरवायचा. टरफल दोन फाकांत उघडतं. शेजारी बसलेली वयनी सुरीच्या टोकाने आतला गर अलगद सोडवते. हे सगळं बोलता बोलता होऊन जातं. दर बीमागे टरफलाच्या कडेतून तपकिरी, दाट तेल सुटतं आणि डाव्या अंगठ्यावर, तर्जनीवर ओघळतं. काकी ते पुसत नाहीत. समोरच्या करवंटीत चुलीतली राख ठेवलीय, तीत बोटं बुडवतात आणि पुढची बी उचलतात.

काजूच्या टरफलाला बाहेरून एक साल असते, आतून एक, आणि दोहोंच्या मधल्या जाळीदार थरात हे तेल साठलेलं असतं. टरफलाच्या वजनाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त हे तेलच भरतं. त्यातलं ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल कातडी जाळतात. आपल्याकडे बिब्बा ज्याला उतलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि आंबाही त्यातलाच. झाडाने आपल्या बीच्या रक्षणासाठी केलेली ही तजवीज आहे. प्राणी तिला तोंड लावत नाहीत. माणसाला मात्र आतला गर हवा आहे, तोही अख्खा, पांढरा, डाग न पडलेला. पूर्वी बी उघड्या आगीवर भाजत, तेव्हा बरंचसं तेल जळून, वाहून जायचं. आता वाफेवर उकडतात. गर स्वच्छ निघतो, धूर कमी होतो, आणि तेल टरफलातच राहून कापणाऱ्या बाईच्या बोटांवर उतरतं.

काकींना विचारून मी त्यांचा डावा हात हातात घेते. अंगठ्याचं पेर जुन्या वहाणेच्या तळासारखं काळं, टणक झालंय. नखांच्या कडा काळ्या पडल्यात. तर्जनीच्या टोकावरून कातडीचा पातळ पापुद्रा सुटतोय आणि त्याखाली नवी, गुलाबी, चकचकीत त्वचा दिसते आहे. पेरांच्या घड्यांत भेगा आहेत. एक भेग खोल. तिच्या तळाशी रक्ताचा बारीक लाल धागा. तळव्याची कातडी जाड, म्हणून तिथे निभावतं. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटाच्या आतल्या बाजूला ती पातळ असते, तिथे पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्यांची रांग आहे. पापणीजवळही एक चट्टा दिसतो. त्यांचं तोंड उजेडाकडे वळवून विचारलं तर म्हणतात, घाम पुसताना कधी तरी हात लागला असेल.

"पयलो म्हयनो रात्री झोप म्हणून नाय. हात नुसते जळतत. मगे सवय होता."

सवय होते म्हणजे काय होतं, हे त्या हाताकडे बघून कळतं. कातडी जाड होते, मरते, गळते, पुन्हा येते आणि पुन्हा जळते. काहींच्या बाबतीत सवय होतच नाही, उलट घडतं. शरीर त्या तेलाची ओळख धरून ठेवतं आणि पुढे थोडासा संपर्क आला तरी सूज, खाज, पाणी सुटणं सुरू होतं. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. अशा दोघी इथून काम सोडून गेल्याचं वयनी सांगते. त्यांतली एक आता आंब्याच्या हंगामातही घरी बसते. मे महिन्यात देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत आंबा निवडायला, पेट्या भरायला बायका लागतात, चार पैसे बरे मिळतात. पण आंब्याच्या देठाचा चीक लागला की तिचे हात पुन्हा सुजतात. काजूने दिलेलं दुखणं आंब्याच्या हंगामाचा रोजगारही घेऊन गेलं.

भिंतीवरच्या फळीवर रबरी हातमोज्यांचा खोका आहे. उघडलेला आहे, अर्धा भरलेला आहे, वर धूळ आहे. हे मोजे का वापरत नाहीत, असं मी विचारते तेव्हा टेबलांवरच्या चारपाच जणी एकदम बोलायला लागतात. घाम येतो, मोज्याच्या आत तेल शिरलं की हात तासन्‌तास त्यातच भिजत राहतो, बोट पात्याजवळ गेलेलं कळत नाही, दोन दिवसांत मोजा फाटतो. सगळं खरं आहे. शेवटी काकी बोलतात.

"मोजे घातले की बी सरळ बसना नाय. बी सरळ बसली नाय तर गर तुटता. दिवसाक किलो कमी भरले तर मगे मोजे खांव काय?"

इथे मजुरी किलोवर आहे. अख्ख्या गराला दर आहे, तुकड्याला कमी. बाजारात डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० अशा प्रती असतात; आकडा जितका लहान तितका काजू मोठा, कारण एका पौंडात तितकेच गर मावतात. तुटलेला गर या रांगेत बसतच नाही, तो पाकळी किंवा तुकडा म्हणून खालच्या भावाने जातो. त्यामुळे मालकाचा नफा आणि बाईची मजुरी दोन्ही तिच्या बोटांच्या टोकांवर ठरतात. मोजा घालून कातडी वाचवायची तर दिवसाची कमाई घटते. कमाई राखायची तर कातडी जाते. बायकांनी निवड केलीय ती अडाणीपणाने केलेली नाही. त्या हिशेब करून रोज सकाळी उघड्या हाताने बसतात.

शेजारच्या खोलीत पंखा आहे, उजेड जास्त आहे, आणि काम हलकं दिसतं. ड्रायरमधून निघालेले गर टेबलावर पसरलेत. त्यांच्यावरची लालसर पातळ साल बायका सोलतायत. सुकलेली साल चुरगळत सुटते, जिथे चिकटून बसली असेल तिथे नखाने किंवा लहान सुरीने हलकेच काढावी लागते. इथे तेलाचा संपर्क नावापुरता. कटिंगला हात उतलेल्या बाईला इथे बसवतात, आणि वरवर पाहता ही सोयच वाटते.

भिंतीकडेला बसलेली चाळिशीची एक बाई मागच्या वर्षीपर्यंत कटिंगला होती. डॉक्टरांनी तेलापासून लांब राहायला सांगितलं म्हणून ती सोलायला आली. इथला दर कमी आहे. शिवाय तिच्या हातून तुकडा जास्त पडतो. मी तिच्याजवळ बराच वेळ बसून बघते. सोलताना गरावर किती दाब द्यायचा हे डोळे सांगत नाहीत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये गर फिरतो, साल कुठे सैल आहे ते पेराला कळतं आणि तिथेच दाब पडतो. तिच्या पेरांवर अजून टणक, सालपटलेली कातडी आहे. गर कुठे आहे हे तिला कळतं, किती घट्ट धरलाय हे कळत नाही. दाब जरा जास्त होतो, गर फाकतो. ती तुकडा बाजूच्या ताटलीत टाकते आणि माझ्याकडे न बघता म्हणते,

"माझा बोट आता काय सांगना नाय."

हाताच्या त्वचेचे आजार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खाज येते, डाग येतात, फार तर वेदना. पण कातडी हे बोटाचं ज्ञानेंद्रिय आहे. ती जाड झाली, फाटली, सुजली की पकड ढळते, चिमूट उघडते, बारीक वस्तू निसटते. भेग पडलेलं बोट माणूस आपोआप उचलून धरतो आणि उरलेल्या बोटांवर काम ढकलतो. संध्याकाळपर्यंत मनगट आणि खांदा दुखायला लागतात, ते याच वाकड्या पकडीमुळे. हाड मोडलेलं नाही, शीर तुटलेली नाही, म्हणून हे अपंगत्व कुणाच्या नोंदीत येत नाही. आणि भेग उघडी असेल तर सोलण्याच्या खोलीतही बसता येत नाही, कारण हा खाण्याचा माल. जखम दिसली की मुकादमीण घरी पाठवते. त्या दिवसाची मजुरी नाही. म्हणून या बाईने दोन बोटांना चिकटपट्टी लावलीय आणि हात जमेल तितका पदराआड ठेवलाय.

दुपारची सुट्टी होते. बायका मागच्या पडवीत डबे उघडतात. हात धुताना राखेने चोळतात, मग खोबरेल लावतात, मग साबण. आधी साबण लावला तर तेल पसरतं आणि आग वाढते, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. एकीच्या पिशवीत भिरंडेलाची गोळी आहे. कोकमाच्या बियांचं हे तेल कोकणात पायांच्या भेगांना पिढ्यान्‌पिढ्या लावतात. ती गोळी हातोहात फिरते. भेगा त्याने मऊ पडतात, रात्री जरा झोप लागते. टरफलाच्या तेलाने आलेला दाह मात्र त्याने थांबत नाही.

सगळ्याजणी हाताने जेवतात. सोलणारी ती बाई चमच्याने. बांगड्याचं तिखलं आहे, आणि तिखट भेगेत गेलं की डोळ्यांत पाणी उभं राहतं. कोकणातल्या बाईने भात-आमटी चमच्याने जेवायची ही गोष्ट तिला स्वतःलाच लागते, ते तिच्या खाली घातलेल्या मानेवरून दिसतं. घरी मासळी साफ करायचं काम आता मोठ्या मुलीकडे आहे. तांदळाच्या भाकरीची उकड गरम असतानाच मळावी लागते, तेही तिने सोडलंय. भांडी मात्र तिलाच घासावी लागतात. साबणपूड आणि पाणी रोज नव्या कातडीला पुन्हा सोलून काढतात. दवाखान्यात सांगताना माणूस कामाच्या ठिकाणचं सांगतो, घरचं सांगत नाही. बाईचे हात मात्र कारखाना सुटल्यावरही तीनचार तास पाण्यात असतात, आणि बरं व्हायला लागणारा वेळ त्यांना कधी मिळतच नाही.

शेजारपाजारी काय म्हणतात, असं मी विचारते. ती जरा थांबते.

"भाचीच्या हळदीक गेलंय. माका हळद लावूक देवक नाय. खरूज आसा म्हणाले."

हा आजार स्पर्शाने पसरत नाही. तिच्या हातचं पाणी प्यायल्याने, तिने मुलाला उचलल्याने, तिने नवरीला हळद लावल्याने कुणालाही काही होणार नाही. हे गावात ठामपणे सांगणारं कुणीतरी हवं. आशा सेविका सांगू शकते, शाळेतले गुरुजी सांगू शकतात, आणि हे वाचणारे तुम्हीही सांगू शकता.

तिच्या पिशवीत मलमाची एक ट्यूब आहे. मेडिकलमधून आणलेली, चिठ्ठीशिवाय. मी मागचं बारीक अक्षर वाचते: एकाच मलमात तीव्र स्टेरॉइड, बुरशीवरचं औषध आणि जंतुनाशक. लावलं की दोन दिवसांत आग थांबते, म्हणून सगळ्याजणी हेच वापरतात. महिनोन्‌महिने लावत राहिलं तर कातडी पातळ होते, आणि पातळ झालेली कातडी पुढच्या खेपेला जास्त लवकर जळते. स्टेरॉइडची मलमं वाईट नसतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवस, ठरावीक जोराची लावली तर हाताचा दाह त्यांनीच आटोक्यात येतो. पण त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा म्हणजे एस.टी.ने जायचं, रांगेत थांबायचं, रोज बुडवायचा. मेडिकल दहा पावलांवर आहे.

मालक भला माणूस आहे. स्वतः मला चहा देतो, वहीही दाखवतो. स्थानिक बी पुरत नाही, वर्षातले काही महिने आफ्रिकेतली बी आणावी लागते, तिचा भाव आपल्या हातात नाही, असं सांगतो. खोटं नाही ते. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याची पाटी त्याने अभिमानाने लावलीय. टरफलंही वाया जात नाहीत. उरलेली तेलाच्या गिरणीला जातात. त्या तेलापासून रंग बनतात, राळ बनते, गाड्यांच्या ब्रेकचं अस्तर बनतं. बायकांच्या हातांबद्दल तो म्हणतो, "हे असंच असतं, माझ्या आईचेही होते." त्याच्या आवाजात कळवळा आहे. पण आईचे हात असे होते म्हणून सगळ्यांचे असेच राहावेत, हे मला पटत नाही, आणि तसं मी त्याला सांगतेही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, रसायनांच्या थेट स्पर्शाने होणारा त्वचादाह हा सरकारला कळवायच्या व्यवसायजन्य आजारांमध्ये धरला होता. म्हणजे हा कामाने दिलेला आजार आहे हे या देशाने केव्हाच मान्य केलंय. लहान घरगुती युनिटं मात्र अशा कायद्यांच्या कक्षेबाहेर राहतात, आणि कोकणात काजू फोडायचं बरंच काम अशाच पडव्यांमधून चालतं.

संध्याकाळी काकींबरोबर मी रेशन दुकानावर जाते. आठदहा माणसं रांगेत आहेत. काउंटरवर ठसे घेणारं लहान यंत्र, त्याच्या काचेतून लाल उजेड येतोय. काकींचा नंबर येतो. त्या अंगठा पदराला पुसतात आणि काचेवर ठेवतात. यंत्र टिकटिक करतं, नकार देतं. दुकानदार म्हणतो, "परत लावा काकी, जरा दाबून." पुन्हा नकार. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग उजवा हात. काकी अंगठा कपाळाला घासतात, तेलकटपणाने ठसा उठतो असं कुणीतरी त्यांना सांगितलंय. काचेवर काळसर, सपाट डाग उमटतो, त्यात एकही रेघ नाही. मागचे लोक चुळबुळ करतायत.

"काल पण इल्लंय. मशिनीन माझो आंगठो घेवक नाय."

त्यांच्यामागे उभा असलेला गवंडी आपला हात पुढे करून मला दाखवतो. त्याचेही ठसे लागत नाहीत. त्याच्या तळव्याला सिमेंटने खाल्लेली लहान लहान छिद्रं आहेत, बोटांच्या मागच्या बाजूला खवल्यांचे चट्टे. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, ते कातडी भाजतं. शिवाय त्यातला षट्‌संयोजी क्रोमियम ॲलर्जी देतो. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधल्या या क्रोमियमवर दशलक्षांत दोन भाग अशी मर्यादा घातली. फेरस सल्फेट मिसळलं की तो निष्प्रभ होतो, एवढी साधी युक्ती. तिथल्या गवंड्यांना कुणी तुमचे हात सांभाळा असं नुसतं सांगत बसलं नाही, सिमेंटच बदललं. काजूतही हे जमण्यासारखं आहे. आपोआप कापणारी यंत्रं बाजारात आहेत, आणि ती परवडेपर्यंत निदान पाळीपाळीने कटिंगवरून उठवणं, मोजे घालून होणाऱ्या किलोंवर दर बेतणं, हात धुवायला तेल आणि कोमट पाणी ठेवणं यांना यंत्र लागत नाही.

दुकानदार शेवटी काकींना उद्या या म्हणतो. मी त्याला बाजूला घेऊन विचारते, की ठसा लागला नाही तर मोबाइलवर येणारा आकडा घेऊन किंवा वहीत नोंद करून धान्य देता येतं ना? येतं, तो मान्य करतो, पण त्यात त्याची लिखापढी वाढते. केंद्र सरकारने २०१७ सालीच राज्यांना लेखी कळवलंय की ठसे जुळत नाहीत म्हणून कुणाचंही धान्य अडवायचं नाही. मी तसं सांगते. तो थोडा वेळ यंत्राकडे बघतो, मग खणातून वही काढतो. काकी पिशवी पसरतात.

कारखानदारांना माझं सांगणं आहे: दर ठरवताना मोजे घातलेला हात दिवसाला किती किलो काढतो ते मोजा आणि मजुरी त्यावर ठरवा. मोजे मग फळीवर पडून राहणार नाहीत. रेशन दुकानदारांनी कष्टाने झिजलेल्या अंगठ्याला दुसऱ्या दिवशी बोलावू नये; नोंदवही आहे, ती उघडावी. आणि डॉक्टरांनो, सिंधुदुर्गातली किंवा चंदगड-आजऱ्यातली बाई भेगाळलेले हात घेऊन समोर बसली तर मलम लिहिण्याआधी ती काय काम करते ते विचारा, आणि तिच्या केसपेपरवर ते लिहून ठेवा. पुढे नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर तिच्याजवळ पुरावा म्हणून तेवढा एक कागद असेल.